स्वस्तातली मॅन्युअल ५० एमएम एफ १.२: पावसाळा-हिवाळा वापरून झाल्यावर

एपीएस-सी (म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा घेतला की सेव्हन आर्टिसन्स, टीटी आर्टिसन, माइके, परगिअर ही चिनी लेन्स कंपन्यांची नावं कधी ना कधी समोर येतातच, आणि पहिला प्रश्न हाच पडतो की एफ १.२ ची (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे अपर्चर, मोठं आणि उजेड जास्त) लेन्स दहा हजाराच्या आसपास मिळतेय म्हणजे काहीतरी गोम असणारच. माझ्याकडे अशाच एका छोट्या चिनी कंपनीची ५० एमएम एफ १.२ आहे, बॉडी फुजीची एक्स-टी ३०. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या एका पीसवरून कुणाला नावं ठेवणं बरोबर नाही, आणि या किमतीतल्या बहुतेक लेन्सेसचा स्वभाव सारखाच आहे.

स्वस्त का, तर आत ऑटोफोकसची मोटर नाही (फोकस हातानेच करायचा), चिप नाही, बॉडीशी बोलणारे कॉन्टॅक्ट नाहीत. काचांची रचना बहुतेक वेळा जुनी डबल गाऊस घराण्यातली, म्हणजे जर्मनीच्या झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फने १८९६ मध्ये प्लॅनार नावाची लेन्स काढली तिच्याच वंशातली, सव्वाशे वर्षं घोटलेली. पैसे जातात ते काचेला आणि धातूच्या नळीला.

मी कोल्हापूरचा, आणि माझं बरंचसं शूटिंग तालमीत चालतं. पहाटे आखाड्यात एखाद-दुसरी ट्यूब, भिंती काळपट, माती लाल, पोरं घामाने चकाकतात पण उजेड म्हणून काही नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली किट झूम पन्नासच्या जवळ नेली की एफ ५.६ वर बसते आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० शिवाय काम होत नाही, फोटोत रवाळ चिखल. तिथेच ही लेन्स पूर्ण उघडली की चार स्टॉपच्या वर फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), म्हणजे आयएसओ ४०० च्या आसपास काम भागतं. शटर मी १/१०० सेकंदापेक्षा वेगवान सहसा ठेवत नाही, एलईडी ट्यूब असल्या की आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे फोटोत पट्टे येतात. लोक मोठं अपर्चर बॅकग्राउंड उडवायला घेतात, पण माझं मत विचाराल तर ही लेन्स घ्यायची ती उजेडासाठी.

आता एफ १.२ वर फोटो कसा येतो ते खरं खरं सांगतो. मधे बारकावे असतात पण त्यावर एक मऊ धुकं पसरलेलं असतं, उजळ कडांना जांभळी किनार येते, फोकसच्या मागे हिरवट झाक दिसते, कोपरे तर सोडूनच द्या. एफ २ ला धुकं जातं, एफ २.८ ला इतकी शार्प होते की किंमत विसरायला होतं. म्हातारे वस्ताद कट्ट्यावर बसलेले असताना ते धुकं मला आवडतं, चेहरा नरम येतो. पण त्यातही एक मेख आहे. दीड मीटरवरून एफ १.२ ला फोकसची खोली साधारण चार सेंटीमीटर, म्हणजे डोळे आले तर कान गेले, आणि पैलवानाचे मोडलेले कान हीच तर त्याची सगळी कमाई! म्हणून पोर्ट्रेटला मी सरळ २.८ किंवा ४ वर जातो, उजेड नसला तरी, थोडा आयएसओ वाढला तर वाढू दे.

फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) फार विसंबू नका. एफ १.२ ला ते भुवईपासून गालापर्यंत सगळंच रंगवून दाखवतं आणि घरी येऊन बघावं तर फोकस पापणीच्याही पुढे. मागची डायल दाबून मॅग्निफाय करायचं, डोळा गाठायचा, मग क्लिक. लढत चालू असेल तर हे शक्यच नाही, तिथे हौद्यातली (आखाड्याच्या मातीतली) एक जागा धरून ठेवायची, एफ ४ लावायचं आणि जोडी त्या जागेवर येईपर्यंत थांबायचं. याने बरेच क्षण हातचे जातात, पण जे मिळतात ते आपण गाठलेले असतात, आणि त्यात मला फार आनंद आहे.

त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर पहाटे पणत्या लागतात तेव्हा मागच्या पणत्यांचे मोठे मऊ गोळे झाले, कडेला ते बदामासारखे लांबट होतात. कोपऱ्यातल्या ज्योतींना मात्र पंख फुटल्यासारखं दिसतं, एफ २.८ ला कमी होतं. भर उन्हात उलटी अडचण, १/४००० सुद्धा पुरत नाही, इलेक्ट्रॉनिक शटर लावा नाहीतर एनडी ८ फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) घ्या.

चिप नसल्याने बॉडीला ही लेन्स ओळखत नाही, म्हणून मेन्यूत ‘शूट विदाउट लेन्स’ चालू करायला विसरू नका, नाहीतर शटर पडतच नाही. स्टॅबिलायझेशनवाली बॉडी असेल तर ५० एमएम हा आकडा हाताने भरा. अपर्चर किती होतं ते फोटोत कुठेच नोंदलं जात नाही.

पावसाळ्यात मात्र जपावं लागलं. रबरी सील नाही, तालमीच्या मातीत तेल, ताक, हळद मिसळलेली असते, ती रिंगच्या फटीत जाऊन बसते. माझी अपर्चर रिंग ढिली झाली होती. सर्व्हिस सेंटरचा प्रश्नच नाही, पण जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची कामं करणाऱ्या कारागिराने बारीक स्क्रू आवळून, ग्रीस बदलून दिलं, कारण आत सगळं त्याच्या ओळखीचंच. बुरशीसाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल.

लग्नाची कामं करणारे, किंवा घरात पळणारं लहान मूल असणारे यांनी ही घेऊ नये, थोडे थांबून पैसे साठवा आणि विल्ट्रॉक्स किंवा सिग्माची ५६ एमएम एफ १.४ बघा, त्यांना ऑटोफोकस आहे. अलीएक्सप्रेसवर २०२० पासून आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे इथल्याच साइटवरून घ्या आणि रिटर्नची मुदत नीट वाचून घ्या. लेन्स आली की त्याच दिवशी लांबची एखादी इमारत चारही कोपऱ्यांत ठेवून एफ २.८ ला फोटो काढा. एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा जास्त मऊ असेल तर आतली काच तिरकी बसलीय. रात्री चंद्रावर फोकस नीट पोचतो का तेही बघा. यातलं एक जरी चुकलं तरी संकोच न करता परत पाठवा, दुसरा पीस बऱ्याचदा चांगला निघतो.