मुरुड-फणसाडच्या ट्रिपमध्ये ३३,७९२ रुपयांची टोपी बसली, बुकिंग करताय त्यांनी वाचाच

आधी आकडा. ३३,७९२ रुपये. सात जणांचे मिळून, पण गेले सगळे माझ्या खात्यातून, कारण ग्रुपमध्ये बुकिंग नेहमी मीच करतो आणि बाकीचे मागाहून सावकाश पैसे टाकतात. नाव-गाव लिहीत नाही, दाभोळ खाडीच्या अलीकडचा आहे एवढं बस, गावात झालं तेवढं हसं पुरे.

पुण्या-मुंबईची माणसं कोकणात येऊन फसतात असं आपणच म्हणतो ना? मग हे वाचा. आम्ही इथलेच, दर थोड्या दिवसांनी शनिवार-रविवार कुठेतरी निघणारे, कधी आंबोली, कधी सावंतवाडीचा राजवाडा, कधी रत्नागिरीचा थिबा पॅलेस. यावेळी ठरलं काशीदला राहायचं, एक दिवस फणसाडचं अभयारण्य आणि दुसऱ्या दिवशी जंजिरा. दिवाळीनंतरची गर्दी, ओळखीच्या सगळ्या ठिकाणी फुल. मग नकाशाच्या अ‍ॅपवर एक होमस्टे दिसला, फोटो खरे, रिव्ह्यू खरे, होमस्टे पण खराच. फक्त त्याच्याखालचा नंबर चोराचा. हा प्रकार कसा चालतो ते सगळ्यांना माहीत आहे, परत सांगत बसत नाही. पण लोक म्हणतात ना "लिंकवर क्लिक कशाला केलंस", तर मी कुठल्याही लिंकवर क्लिक केलेलं नाही, लॉटरीच्या मेसेजला भुललेलो नाही, ओटीपी दिलेला नाही. नकाशावरच्या नंबरला फोन लावला. सगळे लावतात. तुम्ही पण लावता.

माणूस "सर सर" करत गोड बोलणारा. माणशी ४,२०० मध्ये दोन रात्री, मासे-भाकरी, फणसाडची सफारी, जंजिरा आणि नवाबाचा राजवाडा आतून. सात जणांचे २९,४००, निम्मे अ‍ॅडव्हान्स म्हणजे १४,७०० टाकले. दुसऱ्या दिवशी म्हणाला राजवाड्याचं परमिट माणशी ५००, म्हणजे ३,५००. तेही टाकले. आता सगळे मला विचारतात की राजवाड्याला परमिट कसलं आणि ते होमस्टेवाला कसा काढेल. अरे पण सावंतवाडीला तिकीट काढून राजवाड्यात जाता येतं, थिबा पॅलेसमध्ये तर सरकारी म्युझियमच आहे, आम्ही दोन्हीकडे जाऊन आलोय, मग मुरुडला पण असेल असं कुणालाही वाटेल. नाहीये. मुरुडचा नवाबाचा वाडा खासगी आहे, बाहेरूनच बघायचा, आत सोडत नाहीत. कुणी आत नेतो म्हणाला की तिथेच फोन ठेवा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला अजून रात्री झोप लागत नाही. मी सहज विचारलं, जंजिऱ्याला गाडी कुठे लावायची? तर म्हणतो, "टेन्शन नाही सर, गाडी डायरेक्ट किल्ल्याच्या गेटपर्यंत जाते, आत पार्किंग आहे."

जंजिऱ्याला. गाडी. गेटपर्यंत!

भर समुद्रात उभा किल्ला, राजापुरीच्या जेटीवरून होडीत बसून जायचं, दरवाज्यापाशी लाटेवर होडी वरखाली होत असते आणि होडीवाला ओरडतो "एकेक करून उतरा", हे शाळेच्या सहलीला गेलेल्या पोराला पण माहीत आहे. मी फोनवर हे ऐकलं. स्पीकरवर होता, बायकोने ऐकलं, आमच्यातल्या मास्तरनेही ऐकलं, जो इतिहास शिकवतो! आणि आम्ही काय समजलो, तर जेटीच्या पार्किंगबद्दल बोलतोय. फोनवर आवाज तुटत होता, त्यात पोरांचा दंगा, माणूस आपल्या सोयीने ऐकतो. त्या माणसाने मुरुड नकाशावर सुद्धा नीट बघितलेलं नव्हतं. बुकिंग करताना असा एक प्रश्न विचाराच, ज्याचं उत्तर तिथे राहणाऱ्यालाच येईल. आणि उत्तर आलं की ऐका पण.

पुढचं सगळं शुक्रवारी रात्री, निघायच्या आदल्या दिवशी. आधी ५,००० डिपॉझिट, चेकआउटला परत. मग जीएसटी १८ टक्के, २९,४०० वर ५,२९२. मी राउंड करून ५,३०० टाकले. तर म्हणाला, सर आकडा मॅच होत नाही, सिस्टीममध्ये अडकला, बुकिंग कॅन्सल दाखवतंय, तुम्ही बरोब्बर ५,२९२ परत टाका, आधीचे ५,३०० पाच मिनिटांत रिव्हर्स होतील. टाकले. आता हसा. पण बॅगा भरून दारात ठेवल्यात, गाडीवाल्याला सांगून झालंय, पहाटे पाचला निघायचंय, तेव्हा माणूस ५,२९२ साठी सातजणांची ट्रिप मोडेल का?

नंतर ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं बिल मास्तरने झूम करून बघितलं. जीएसटी नंबर ०८ ने सुरू. महाराष्ट्राचा २७ असतो, ०८ म्हणजे राजस्थान. जीएसटीच्या साइटवर हा नंबर टाकून फुकटात बघता येतो, दोन मिनिटं लागतात. शिवाय रोजचं भाडं साडेसात हजारांच्या आत असेल तर खोलीला १८ टक्के लागतच नाही, आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असणाऱ्या घरगुती होमस्टेला नोंदणी सुद्धा लागत नाही. आणि यूपीआयवर पैसे पाठवताना वर जे खातेदाराचं नाव येतं ते वाचा. आमच्याकडे भलत्याच बाईचं आलं होतं, विचारलं तर म्हणे अकाउंटंट मॅडम.

धोपावे-दाभोळ, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, तीन खाड्यांवर फेरीबोटीत गाडी चढवत-उतरवत दुपारी काशीदला पोचलो. होमस्टेच्या काकू अंगणात वाळवण आवरत होत्या. आम्हाला सामानासकट बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "तुम्ही पण त्याच नंबरावर पैसे भरलात काय रे?" त्यांच्याकडे खोल्या भरलेल्या. चहा दिला, पाणी दिलं, पोरांना पोहे केले, पैसे घेतले नाहीत. त्या बिचाऱ्या स्वतः नंबर बदलून बदलून थकल्यात, दुरुस्त केला की कुणीतरी परत "सुधारणा सुचवतं" आणि चोराचा नंबर वर. अ‍ॅपवाल्यांकडे तक्रार केली की उत्तर येतं, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.

मग पोलीस. तिकडच्या ठाण्यात म्हणाले पैसे कुठून पाठवलेत? घरून. मग तुमच्या हद्दीत तक्रार द्या. आमच्या हद्दीत आलो तर म्हणाले रूम कुठली? तिकडची. मग तिकडे द्या. मी म्हटलं साहेब, १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याचं कलम १७३, हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो. साहेब म्हणाले, "वकील आहात काय?" नाही, फसलेला माणूस आहे. अर्ज लिहिला तर त्यात "फसवणूक" खोडून "आर्थिक व्यवहारातील गैरसमज" लिहा म्हणाले. गैरसमज! ३३,७९२ चा! मी नाही लिहिलं, तासभर बाकावर बसून राहिलो तेव्हा कुठे पोचपावतीचा शिक्का मिळाला. तुम्ही पण शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. बँकेत तर अजून वरचढ, पिन तुम्हीच टाकलात ना, मग हा अनधिकृत व्यवहार नाही, आमची जबाबदारी नाही. हे म्हणायला मॅनेजरने अर्धा तास बाहेर बसवलं.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लगेच करा, त्याच मिनिटाला. आम्ही शनिवारी दुपारी काकूंच्या अंगणातून केला, तोवर बाकीचे पैसे या खात्यातून त्या खात्यात पसार, फक्त शेवटचे ५,२९२ होल्ड झाले. ते पण हातात नाहीत, सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात.

फणसाड तेवढं आम्ही केलं, सुपेगावच्या गेटवर फी भरून, चालत. एकेकाळी नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. शेकरू दिसलं, अंजनीच्या झाडावरून पलीकडच्या झाडावर लांब उडी मारून गेलं. गेटवरच्या माणसाला सफारीबद्दल विचारलं तर तो हसायलाच लागला, त्या चोराने आम्हाला रात्रीची जीप सांगितली होती. अभयारण्यात रात्री तुम्हाला कोण सोडतंय! पण हे मला आधी कोण सांगणार होतं? माझ्याबरोबरचे सहा जण तर सफारीच्या नावाने आदल्या रात्री नाचत होते, आणि आता त्यातले दोघे आपापल्या वाट्याचे ४,८२७ द्यायला का-कू करतायत, म्हणे बुकिंग तू केलंस.

पोलिसांनी सोमवारी परत बोलावलंय. येताना बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह तीन प्रतींत आणा म्हणाले, आणि बँक म्हणते शिक्का हवा असेल तर आधी पोलिसांचं पत्र आणा.