एकच हडळ, दोन सिनेमे: ‘नांग नाक’ की ‘पी माक’?

थायलंडमध्ये माए नाकची गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक. नवरा लढाईवर, इकडे ती बाळंतपणात मेलेली. तो परततो आणि भुताशीच संसार थाटतो. बँकॉकच्या वाट महाबुत देवळाच्या आवारात तिचं ठाणं आहे. लोक तिथे आजही तिला थाई पोशाख आणि बाळासाठी खेळणी वाहतात.

नॉन्झी निमिबुत्रचा ‘नांग नाक’ (१९९९) ही गोष्ट गंभीरपणे सांगतो. तोकडे केस, विड्याने काळे पडलेले दात, कालव्याकाठची उंच खांबांवरची घरं. इथे दचकवणं कमी, घुसमट जास्त. फळीच्या फटीतून खाली पडलेलं लिंबू उचलायला तिचा हात लांबच लांब होतो, तेव्हा भीतीपेक्षा पोटात कालवतं. शेवटी भिक्षू तिला शांत करतो. तो प्रसंग मी दोनदा पाहू शकलो नाही.

बन्जोंग पिसान्थनाकुनच्या ‘पी माक’मध्ये (२०१३) तीच कथा, पण सोबत नवऱ्याचे, म्हणजे माकचे, चार भित्रे मित्र. वहिनी भूत आहे हे त्याला सांगायचं कुणी, यावरच निम्मा सिनेमा चालतो. थायलंडमध्ये त्याने कमाईचे विक्रम मोडले. विनोद मधेच ताणलेत, हे खरं. मात्र शेवट जुन्या गोष्टीला सरळ छेद देतो, आणि मला ते धाडस आवडलं.

घरच्यांसोबत बसणार असाल तर ‘पी माक’ लावा. एकच बघायचा असेल तर माझं मत ‘नांग नाक’ला, सबटायटल्सची तयारी ठेवा.