तापमानाचा नुसता आकडा नको: आफ्टरबर्नर, आरटीएसएस आणि एचडब्ल्यूइन्फो

गेम चालू असताना तापमान दाखवणारे प्रोग्रॅम ढिगाने आहेत. त्यातले बरेचसे एक आकडा दाखवतात आणि गप्प बसतात. ग्राफिक्स कार्ड ८३ अंश. बरं, मग? पंखा किती फिरतोय, कार्ड किती वॅट ओढतंय, क्लॉक (चिपचा वेग) टिकून आहे की घसरलाय, हे शेजारी दिसल्याशिवाय त्या ८३ वरून काहीच ठरवता येत नाही. या कसोटीवर विंडोजवर अजूनही एमएसआय आफ्टरबर्नर, त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर म्हणजे आरटीएसएस, आणि एचडब्ल्यूइन्फो हे त्रिकूटच सगळ्यात उपयोगाचं आहे. घरगुती वापरासाठी तिन्ही फुकट आहेत आणि दिसायला तिन्ही बेंगरूळ.

कामाची वाटणी अशी: आफ्टरबर्नर ग्राफिक्स कार्ड वाचतो, आरटीएसएस ते आकडे गेमच्या पडद्यावर रंगवतो, एचडब्ल्यूइन्फो प्रोसेसरपासून मदरबोर्डपर्यंत सगळे सेन्सर उघडून ठेवतो. नावात एमएसआय असलं तरी आफ्टरबर्नर कोणत्याही कंपनीच्या एनव्हिडिया किंवा एएमडी कार्डावर चालतो. डाउनलोड मात्र एमएसआयच्या किंवा गुरु३डीच्या साइटवरूनच करा. २०२१ मध्ये हुबेहूब तशाच दिसणाऱ्या बनावट साइटवरून मालवेअर वाटलं जात होतं आणि एमएसआयला जाहीर इशारा द्यावा लागला होता.

मांडणीत पहिली ठेच इथे लागते: आफ्टरबर्नरच्या सेटिंग्जमधल्या ‘मॉनिटरिंग’ टॅबवर तापमानापुढे टिक केली, तरी गेममध्ये काहीच दिसत नाही. ती टिक फक्त आलेखासाठी असते. ओळ निवडून खालचं ‘शो इन ऑन-स्क्रीन डिस्प्ले’ वेगळं चालू करावं लागतं, आणि तेही प्रत्येक ओळीसाठी. जीपीयू (ग्राफिक्स चिप) तापमान, जीपीयू वापर, कोअर क्लॉक, पॉवर, पंख्याचे आरपीएम (मिनिटाचे फेरे), फ्रेमरेट आणि फ्रेमटाइम (एक फ्रेम तयार व्हायला लागणारा वेळ) एवढ्या ओळी पुरे. फ्रेमटाइम आकड्याऐवजी आलेखात ठेवा, अडखळणं तिथे लगेच दिसतं. वाचनाचा अंतराल मुळात १००० मिलिसेकंद असतो, तो तसाच राहू द्या. तो १०० वर आणला की सेन्सर वाचण्याचाच भार गेमवर पडतो. काही कार्डांवर तर नुसतं पॉवर वाचल्यानेही बारीक झटके येतात. ओव्हरले, म्हणजे गेमवर दिसणारे हे आकडे, लावल्यावर गेम अडखळायला लागला, तर आधी ती ओळ काढून बघा.

प्रोसेसरचं तापमान आफ्टरबर्नरही दाखवतो, पण ते एचडब्ल्यूइन्फोकडून घेतलेलं बरं. तो ‘सेन्सर्स-ओन्ली’ मध्ये उघडा आणि सेन्सर सेटिंग्जमधल्या ओएसडी (ऑन-स्क्रीन डिस्प्ले) टॅबवरून हवी ती ओळ थेट आरटीएसएसला पाठवा. इंटेलसाठी ‘सीपीयू पॅकेज’, एएमडीच्या रायझनसाठी ‘टीसीटीएल/टीडाय’. शेअर्ड मेमरी चालू करून आफ्टरबर्नरच्या प्लगइनमार्फत नेण्याचाही एक मार्ग आहे, पण फुकट आवृत्तीत शेअर्ड मेमरी १२ तासांनी आपोआप बंद होते. थेट मार्ग असताना ती कटकट कशाला? एक खबरदारी: मदरबोर्डच्या, म्हणजे नुवोटॉन किंवा आयटीई चिपच्या मथळ्याखालीही ‘सीपीयू’ नावाची ओळ सापडते. प्रोसेसरच्या आतल्या डिजिटल सेन्सरपेक्षा ती बरीच सुस्त असते. निवांत, सरळ रेषेतला आकडा दिसतो म्हणून ती निवडणारे खूप आहेत.

आता मर्यादा. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल १०० अंश आहे. रायझन ७००० मालिकेत बहुतेकांची ९५, ७८००एक्स३डी ची ८९, तर आधीच्या ५००० मालिकेतल्या ५८००एक्स ची ९०. रायझन ७००० सगळ्या कोअरवर पूर्ण भार असताना ९५ ला जाऊन टेकणं हे एएमडीने ठरवूनच ठेवलंय. गेम मात्र सहसा सगळे कोअर एवढे राबवत नाहीत. त्यामुळे रेंडरिंगमधले ९५ ठीक, गेममध्ये सतत ९५ असतील तर कूलरकडे बघायला हवं. क्षणभर उसळून खाली येणाऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. बूस्टच्या, म्हणजे आपोआप वेग वाढवण्याच्या वेळी एखाद्या कोअरवर क्षणिक भार येतो, त्याचं ते प्रतिबिंब असतं.

ग्राफिक्स कार्डाचं गणित जरा वेगळं. आरटीएक्स ३०८० ची कमाल ९३ आणि ४०९० ची ९० अंश आहे, पण एनव्हिडियाचं बूस्ट त्याच्या कितीतरी आधीपासून, तापमान चढेल तसं, साधारण १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी क्लॉक उतरवत असतं. म्हणून ६५ आणि ८० यांत कार्डाच्या आयुष्याचा प्रश्न नसतो, थोड्या क्लॉकचा आणि बऱ्याचशा आवाजाचा असतो. हॉटस्पॉट हा चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू. तो सरासरी तापमानापेक्षा १० ते १५ अंश वर असणं नेहमीचं. फरक २५-३० वर गेला, की चिप आणि हीटसिंक यांच्यातली थर्मल पेस्ट सुकली किंवा सरकली असावी, नाहीतर हीटसिंक एका बाजूने नीट टेकलेला नाही. एएमडीच्या आरएक्स ५७०० कार्डांपासून जंक्शन (म्हणजे हॉटस्पॉट) तापमान ११० पर्यंत चालेल असं कंपनीच सांगते, तेव्हा तिथले ९५ बघून घाबरू नका. आरटीएक्स ५० मालिकेत मात्र हॉटस्पॉटचा आकडा सॉफ्टवेअरला मिळेनासा झालाय, आणि त्यात दोष या प्रोग्रॅमांचा नाही.

एचडब्ल्यूइन्फोची खरी किंमत कळते ती ‘मेमरी जंक्शन’ या ओळीत. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० वरची जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांना पोचली की कार्ड वेग कमी करून स्वतःला आवरतं. तेव्हा कोअर ६५-७० वर शांत बसलेला असू शकतो, आणि नुसतं जीपीयू तापमान बघणारा ड्रायव्हरला शिव्या देत बसतो. इथे मेमरीवरचे, उष्णता हीटसिंककडे नेणारे थर्मल पॅड बदलावे लागतात, चिपवर नवी पेस्ट लावून काही होत नाही. पॅडची जाडी कार्डागणिक वेगळी असते. जास्त जाड पॅड बसवला तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही आणि दुखणं वाढतं.

मोजताना केसचं झाकण बंद ठेवा, खोलीचं तापमान टिपून घ्या आणि गेममधलं एकच जड ठिकाण अर्धा तास चालवा. खोली ५ अंशांनी तापली, की आतले आकडेही जवळपास तितकेच वर सरकतात. एचडब्ल्यूइन्फोमध्ये किमान-कमालचे रकाने गेम पूर्ण लोड झाल्यावर घड्याळाच्या बटणाने शून्यावर आणा. नाहीतर सुरुवातीला शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना सगळे कोअर पेटतात आणि तोच आकडा कमालच्या रकान्यात अडकून राहतो. कमालपेक्षा सरासरीचा रकाना जास्त खरं बोलतो.

चढण्याची पद्धत बघितली की निम्मं निदान होतं. कमी वॅटवरही प्रोसेसर काही सेकंदांत ९५ ला भिडत असेल तर कूलर टेकलेला नाही, खालची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली आहे किंवा लिक्विड कूलरचा पंप बंद आहे. पंपाचे आरपीएम याच यादीत सापडतात. १५-२० मिनिटं तापमान हळूहळू चढतच राहिलं, तर दोष हवेच्या वाटेत. झाकण काढून बघा. आकडे झपकन उतरले, तर पुढच्या पंख्यांना हवाच मिळत नाहीये. हलक्या भारावर कार्डाचा पंखा ० आरपीएम दिसला तर बहुतेक तो झिरो-फॅन मोड असतो, बिघाड नव्हे.

क्लॉक घसरतोय पण तापमान ठीक, अशी स्थिती असेल तर आफ्टरबर्नरमधल्या ‘टेम्प लिमिट’ आणि ‘पॉवर लिमिट’ या ओळी बघा. त्या ० किंवा १ एवढंच सांगतात. सगळ्या प्रोग्रॅममधल्या सर्वात कामाच्या ओळी याच, आणि सर्वात कमी लोक त्या लावतात. पॉवरच्या ओळीत १ असेल तर कार्ड ठरलेल्या वॅटच्या छताला लागलंय. पंखे वाढवून फारसं काही मिळणार नाही.

तक्रारीही आहेत. आफ्टरबर्नरच्या मूळ स्किनमध्ये अक्षरं वाचायला भिंग लागेल, साधी स्किन निवडा. काही ऑनलाइन गेमांची अँटी-चीट यंत्रणा आरटीएसएसचा ओव्हरले अडवते. तिथे एनव्हिडियाचा ऑल्ट+आर किंवा एएमडीचा कंट्रोल+शिफ्ट+ओ हा ओव्हरले चालतो का बघा. तपशील कमी, पण कामापुरता. विंडोजचा टास्क मॅनेजर २०२० पासून ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं नाही. काही लॅपटॉपवर एचडब्ल्यूइन्फोने एम्बेडेड कंट्रोलर (पंखे, बॅटरी वगैरे सांभाळणारी चिप) वाचला की मशीन ठरावीक अंतराने अडखळतं, तेवढा एक सेन्सर बंद करायचा. आणि आफ्टरबर्नरमध्ये आखलेला पंख्यांचा आलेख आफ्टरबर्नर चालू असेपर्यंतच लागू राहतो. त्याला विंडोजसोबत सुरू करायला विसरलात तर पंखे परत कारखान्याच्या आखणीवर.

गेम मध्येच बंद पडत असेल किंवा पडदा काळा होत असेल तर ओव्हरलेचा उपयोग नाही, कारण बघायला काही उरतच नाही. अशा वेळी एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग चालू करून खेळा. ते सीएसव्ही फाइलमध्ये लिहीत जातं, स्प्रेडशीटमध्ये उघडता येतं. शेवटच्या काही ओळींत तापमान मर्यादेजवळ असेल तर उष्णतेमागे लागा. तापमान साधारण आणि वॅट मात्र उंच असतील, तर कूलर उघडण्याआधी पॉवर सप्लाय आणि त्याच्या केबल तपासा.