डिस्प्लेवर ८५ अंश, मांसावर किती? (कार्कस, म्हणजे कातडं-आतडी काढलेलं जनावर, धुवायचं गरम पाण्याचं कॅबिनेट)

अमेरिकेत नेब्रास्कात एका मध्यम साइजच्या बीफ प्लांटमध्ये क्यूएला (दर्जा तपासणीत) आहे मी. सव्वा वर्षापूर्वी आमच्याकडे हे कॅबिनेट बसवलं, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रार पण आहे. आई फोनवर विचारते काय काम असतं रे तुला, मी सांगतो पाणी तापवतो, आणि ते फारसं खोटं नाही.

धडधाकट जनावराच्या मांसात आतमधे जंतू जवळपास नसतातच, कातडं सोलताना नाहीतर आतडी काढताना ते वर लागतात. स्टेक असेल तर तव्यावर वरचा भाग भाजला की विषय संपला, पण खिमा केला की वरचं सगळं आत जातं, म्हणून तर खिमा ७१ अंशाला शिजवा म्हणतात इथे. १९९३ ला जॅक इन द बॉक्स या हॉटेल साखळीच्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू पसरला, ७०० च्या वर लोक आजारी पडले, ४ मुलं गेली. १९९४ पासून असा खिमा सरकार भेसळयुक्तच धरतं, आणि मग सगळे प्लांट वाफ नि गरम पाण्याच्या मागे लागले.

आता मशीन. रेलवर लटकलेलं अर्धं कार्कस आत येतं, चारी बाजूंनी दहा-बारा सेकंद कडक पाणी, बाहेर येतं तेव्हा वरचा थर उकडल्यासारखा करडा. पहिल्या दिवशी आमचा सेल्सवाला पांढराफटक पडला, म्हटलं थांब जरा, आणि दुसऱ्या दिवशी चिलरमधून काढलं तर रंग बऱ्यापैकी परत आलेला. इथवर मस्त.

पण डिस्प्लेवर जो ८५ दिसतो ना तो पाइपातल्या पाण्याचा, मांसाचा नाही, थेंब हवेतून जाईपर्यंतच गार व्हायला लागतो. मी थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावून बघितलं, मागच्या मांडीला झकास, मानेला ६४!! आणि उलटं टांगलेलं असतं त्यामुळे वरची सगळी घाण ओघळून मानेवरच येते. पाणी फिरवून परत वापरतात, त्यातल्या चरबीने खालचे नोझल (पाणी फवारायच्या तोट्या) तुंबले होते. सर्व्हिसवाला आला, डिस्प्ले बरोबर आहे म्हणाला आणि गेला. शेवटी आम्हीच खालचे नोझल जवळ आणले, फिल्टर शिफ्टमधे दोनदा साफ करतो, आता ठीक आहे. छताला वाफ धरून टपकायची ते वेगळंच, इन्स्पेक्टर ऐकून घेत नाही त्याबाबतीत, एक्झॉस्टचा खर्च वरून झाला.

आधीच्या प्लांटमधे वाफेचं कॅबिनेट होतं, ते आधी हवेने कार्कसवरचं पाणी उडवतं (ओलं राहिलं की उष्णता तो पाण्याचा थरच खातो), मग काही सेकंद वाफ, मग गार पाणी. मांसाच्या घड्यांमधे वाफ छान शिरते, पण बॉयलर मोठा लागतो, छोट्या प्लांटचं काम नाही.

अजून एक, मशीन आलं म्हणून ट्रिमिंगची (सुरीने घाण कापून काढणारी) माणसं कमी करू नका, आमच्या साहेबांनी ते पण करून बघितलं. शेण दिसलं तर सुरीनेच कापायचं, इंचाच्या आतला डाग असेल तर स्टीम व्हॅक्युम (वाफ मारून घाण ओढून घेणारं यंत्र) चालतो, नुसतं गरम पाणी मारून पास करता येत नाही.

५ पैकी ३.५. डेमोला जाल तर थर्मोकपल स्वतःचा न्या आणि मानेलाच लावा.