बाळाच्या खोलीचं काम काढताय? आधी आमचं काय झालं ते वाचा

त्याने घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न विचारला तो भिंतीबद्दल नव्हता. "वहिनी, डिलिव्हरीची तारीख कधीची आहे?" असं विचारलं आणि मला तेव्हा इतकं बरं वाटलं, की बघा, किती काळजीने विचारतोय हा माणूस. आज सहा महिन्यांनी कळतंय की त्याला आमच्याकडून हवी असलेली सगळ्यात मोठी माहिती मी दारातच देऊन टाकली होती.

आमचं पहिलं बाळ. मला 32वा आठवडा चालू होता. मागची खोली बाळासाठी करायची असं आम्ही सुरुवातीपासून ठरवलं होतं, पण त्या खोलीच्या एका भिंतीला खालून तीनेक फुटांपर्यंत ओल होती, रंगाचे पोपडे सुटलेले, कोपऱ्यात काळे ठिपके. भिंतीच्या पलीकडे आमचं बाथरूम. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काँट्रॅक्टर ओळखीतूनच आला होता. म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाच्या शेजाऱ्यांकडे त्याने काम केलेलं. आम्ही ते काम बघायला गेलो नाही, फोनवरचे फोटो बघितले. फोटोत सगळ्याच नव्या भिंती छान दिसतात हे तेव्हा डोक्यात आलं नाही. त्याने भिंत दोन ठिकाणी ठोकली, हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाला, "दादा, ही ओल मोठ्या माणसाला चालून जाईल, पण तान्ह्या बाळाला नाही. सर्दी-खोकला सुटायचा नाही." आता यात खोटं काहीच नव्हतं बरं का. ओल आणि बुरशी असलेल्या घरात श्वासाचे त्रास आणि दमा वाढतो हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 सालीच सविस्तर लिहून ठेवलंय. म्हणूनच तर मी घाबरले. खरी भीती दाखवूनच त्याने आम्हाला गाठलं.

ठरलं असं की ओली भिंत फोडायची, आतून वॉटरप्रूफिंग करायचं, नवीन प्लास्टर, मग पूर्ण खोलीला पुट्टी आणि बाळांसाठीचा खास बिनशिशाचा, धुता येणारा पेंट. पंधरा दिवसांत खोली हातात. साठ टक्के पैसे आगाऊ, कारण "मटेरियल एकदम उचललं की स्वस्त पडतं". एका कागदावर आकडे लिहून दिले, त्यावर त्याची सही नाही, कुठला पेंट, किती हात, कुठलं केमिकल, काही नाही. सासरे दोनदा म्हणाले की अरे नीट लिहून घ्या सगळं. आम्ही म्हटलं बाबा, वेळ कुठेय.

पहिल्या दोन दिवसांत त्याच्या माणसांनी भिंत फोडली आणि बाकीच्या भिंतींचा जुना रंग पॉलिश पेपरने कोरडाच घासून काढला. घरभर पांढरी धूळ. मी पुढच्या खोलीत दार लावून बसायचे आणि दुपारी उठून फरशी पुसायचे, पोटात बाळ घेऊन. याचा मला अजूनही सगळ्यात जास्त त्रास होतो, पैशांपेक्षा कितीतरी जास्त. जुन्या घरांच्या जुन्या रंगांमध्ये शिसं असू शकतं, कोरडं घासलं की ते धुळीतून श्वासात आणि हाताला लागून पोटात जातं, आणि आईच्या रक्तातून नाळेवाटे बाळापर्यंत पोचतं. शिशाचं अमुक प्रमाण सुरक्षित असं काही नाहीच, आणि लहान मुलाच्या अंगात गिळलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषलं जातं. जुना रंग काढायचाच असेल तर पाणी मारून ओला काढतात, दाराला प्लास्टिक लावून खोली बंद करतात आणि गरोदर बाईला त्या घरात ठेवतच नाहीत. हे जो माणूस दिवसाला दहा वेळा "बाळासाठी, बाळासाठी" करत होता त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. आमच्या रंगात शिसं होतं की नव्हतं हे तपासायलाही आता काही उरलेलं नाही, सगळी धूळ आम्हीच झाडून फेकून दिली. पुढे डॉक्टरांना विचारून बाळाची रक्ततपासणी केली, रिपोर्ट चांगला आला, पण तो येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत.

भिंत फोडून झाली आणि काम थांबलं. माणसं दुसऱ्या साइटवर. फोन केला की "उद्या येतायत ताई". (कामापुरती वहिनी, उशिरासाठी ताई.) 36वा आठवडा लागला तेव्हा तो स्वतः आला, उघड्या विटांकडे बघून मान हलवली आणि म्हणाला की आत बघितल्यावर कळलं, ओल फार खोल आहे, साधं केमिकल चालणार नाही, भारीतलं आणावं लागेल, वरचे पैसे लागतील. किती, तर मूळ ठरलेल्या रकमेच्या जवळजवळ निम्मे. नवरा म्हणाला थोडा विचार करतो. तर हा शांतपणे म्हणाला, "करा ना दादा, पण मग तारखेच्या आत व्हायचं नाही, मला बोलू नका."

पैसे दिले. फोडलेली भिंत, विटा, सगळीकडे सिमेंट, आणि माझे पाय सुजलेले, तुम्ही तरी काय केलं असतं.

त्या दिवशीच एक गोष्ट घडली ती मी ऐकली आणि सोडून दिली. त्याच्याबरोबर एक हेल्पर मुलगा असायचा, अठरा-एकोणीसचा असेल. तो विटांना हात लावून म्हणाला, "शेठ, ही लाइनची ओल आहे, पाणी अजून येतंय." आणि काँट्रॅक्टर त्याच्यावर एकदम खेकसला, तू घमेली उचल. मी दारातच होते. लाइनची म्हणजे काय एवढंही मी विचारलं नाही. तो मुलगा पुन्हा आमच्याकडे दिसला नाही.

मग मात्र काम असं पळालं की विचारू नका. एका दिवसात केमिकल आणि प्लास्टर, दुसऱ्या दिवशी मोठा पंखा लावून वाळवणं, तिसऱ्या दिवशी पुट्टी, चौथ्या-पाचव्या दिवशी रंग. आम्ही खूश! आता कळतं की सिमेंटच्या प्लास्टरला निदान सात दिवस पाणी मारत राहायचं असतं आणि रंग लावायच्या आधी साधारण 28 दिवस ते नीट सुकू द्यायचं असतं. पाच दिवसांत प्लास्टर ते रंग होतच नाही, झालं तर टिकत नाही. खोली दिसायला सुंदर दिसली. फिकट पिवळा रंग, एका भिंतीवर ढग. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी घेऊन गेला आणि निघताना म्हणाला, "आजपासून कॉट लावली तरी चालेल." नशीब की वासाने मला मळमळायला लागलं आणि आम्ही खिडक्या उघड्या टाकून खोली तशीच ठेवली.

मुलगी 38व्या आठवड्यात झाली. पहिले काही आठवडे ती आमच्याच खोलीत, दुपारची झोप तेवढी तिच्या खोलीत. साधारण दीड महिन्याची असताना एकदा तिला उचलायला वाकले तर कॉटच्या मागे भिंतीवर फुगा दिसला, पुरीसारखा टम्म. बोट लावलं तर रंगाचा पापुद्रा हातात आला आणि खाली पांढरी भुकटी. कॉट पुढे ओढली तर खाली फरशीपासून फूटभर तसंच, आणि कोपऱ्यात तेच काळे ठिपके. तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. मी तिला घेऊन तशीच बाहेर आले आणि ती दुधासाठी रडत होती तरी मला दोन मिनिटं काही सुचेना.

फोन लावला. पहिल्यांदा उचलला, "येतो बघायला". मग उचलेना. मग बंद. ज्यांच्याकडून ओळख झाली त्यांच्या शेजाऱ्यांकडे नवरा गेला तर त्यांचंही छत तसंच उललेलं, त्यांनाही नंबर लागत नव्हता. हे आम्ही आधी गेलो असतो तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

शेवटी सासऱ्यांनी एक वयस्कर प्लंबर आणला. त्याने भिंतीला हातसुद्धा लावला नाही आधी. घरातले सगळे नळ बंद करायला लावले, टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) वर बांधून ठेवला आणि पाण्याच्या मीटरपाशी जाऊन उभा राहिला. सगळं बंद असताना मीटरचा बारीक काटा फिरत होता. म्हणाला, "पाणी कुठेतरी जातंय ना, तेच तुमच्या भिंतीत जातंय." बाथरूमच्या बाजूने दोन टाइल काढल्या, आत कंसील्ड म्हणजे भिंतीत गाडलेल्या पाईपचा एल्बो, वळणावरचा जोड, झिरपत होता. अर्ध्या दिवसात बदलला. मूळ रोग एवढाच होता. फोडलेल्या भिंतीसमोर उभं राहून त्या मुलाला दिसला होता तो, आणि त्याच्या शेठलाही नक्की दिसला होता. पाणी आत चालूच असेल तर आतून कितीही भारी केमिकल लावा, पाणी विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन बाहेर येतं, सुकताना ते पृष्ठभागाशी सोडतं आणि रंग ढकलून देतं. ती पांढरी भुकटी म्हणजे तेच.

आता रंगाचं ऐका. माळ्यावर एक उरलेली बादली होती, मोठ्या कंपनीच्या नावाची. नवऱ्याला शंका आली म्हणून त्याने भिंतीच्या चांगल्या भागावर ओलं फडकं घासलं तर फडकं पिवळं झालं. धुता येणारा पेंट असा निघत नाही, हा साधा डिस्टेंपर होता, भारीतल्या पेंटच्या रिकाम्या बादलीत भरून आणलेला. बादल्या आमच्यासमोर उघडल्याच नव्हत्या, झाकणं आधीच कापलेली आली होती. ज्या रंगाला बिनशिशाचा म्हणून जास्त पैसे मोजले तो नक्की काय होता देव जाणे. चांगल्या रंगाला शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, धरतात, डब्यावर तसं छापलेलं असतं, पण डबाच दुसऱ्याचा असेल तर छापलेल्याचा उपयोग काय?

मग बिल पुन्हा काढून बसलो. खोली 12 बाय 10, उंची 10 फूट. म्हणजे चार भिंती 440 स्क्वेअर फूट आणि छत 120, एकूण 560, त्यातून दार-खिडकीचे चाळीसेक वजा केले की 520च्या आसपास. बिलात 790. दोन हातांसाठी एका लिटरमध्ये शंभरेक स्क्वेअर फूट धरले तरी पाच-सहा लिटर रंग पुरतो, बिलात 20 लिटर. शाळकरी मुलाने केलं असतं एवढं गणित आहे, टेप घेऊन दहा मिनिटांचं काम, पण आठव्या महिन्यात कोण टेप घेऊन बसतंय, आणि हेच त्याला पक्कं माहीत होतं.

ज्यांच्याकडे आता तारीख जवळ आहे त्यांना हात जोडून सांगते. ओल असेल तर काँट्रॅक्टरच्या आधी प्लंबर बोलवा आणि मीटर बघा, रात्री झोपताना आकड्याचा फोटो काढा, रात्रभर पाणी वापरू नका, सकाळी परत काढा. भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, एक-दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा, खिडक्या उघडायचा प्रश्न. भिंतीच्या बाजूने ओलं झालं तर पाणी भिंतीतून येतंय, ते थांबल्याशिवाय रंगाला हात लावू देऊ नका. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता काम संपल्यावर महिनाभर हातात ठेवा, कितीही गयावया केली तरी. बादलीचं सील स्वतःच्या हाताने तोडा. आणि तारीख विचारली तर सांगूच नका, किंवा दीड महिना आधीची सांगा. खोली नाही झाली तर नाही झाली, खरंच सांगते, तान्ह्या बाळाला वेगळी खोली लागतच नाही. पहिले निदान सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या कॉटमध्ये झोपावं असं डॉक्टर सांगतात. ज्या घाईपायी आम्ही फसलो ती घाईच नव्हती मुळात.

सध्या ती भिंत पुन्हा फोडून नुसतं प्लास्टर करून ठेवलंय, राखाडी. ढगवाली भिंत समोर तशीच आहे. प्लास्टरला आज तेविसावा दिवस. परवा प्लास्टिक चिकटवलं होतं, आज सकाळी काढलं तर भिंतीच्या बाजूने कडेला अगदी किंचित दमट लागलं, त्यामुळे रंगवाल्याला अजून बोलावलेलं नाही. मुलगी आमच्या खोलीतच झोपते.