२६ इंची जुन्या सायकलीला नवा फोर्क: सनटूर रेडॉन

गोव्यातल्या साखळी गावाहून केरी, तिथून अंजुणे धरण आणि परत, हा माझा रविवारचा फेरा. सायकल २००९ ची, २६ इंची चाकांची. फ्रेम ठणठणीत आहे, पण पुढचा सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के झेलणारा काटा, कामातून गेला होता. खाणपट्ट्यातली तांबडी माती आणि आपला पावसाळा. क्रोमच्या नळ्यांवर आधी टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके पडले, त्या खरखरीत ठिपक्यांनी सील कापले, पाणी आत गेलं आणि स्प्रिंगही गंजली. शेवटी शेवटी दाबला की कुंईऽऽ करून खाली जायचा आणि वर यायचं विसरायचा.

भाचा म्हणाला, "मामा, नवी सायकलच घ्या." हिशेबाने त्याचंच बरोबर होतं, सायकल विकून जेवढे आले असते, त्याहून फोर्क महाग. पण ही फ्रेम माझ्या अंगाला बसली आहे, तिला मी सोडत नाही.

आधी मी माती खाल्ली ती सांगतो. "२६ इंच" एवढंच वाचून ऑनलाइन एक फोर्क मागवला आणि म्हापशाच्या मिस्त्रीकडे नेला. त्याने खोकं पुरतं उघडलंही नाही. दांडी, म्हणजे फोर्कचा फ्रेमच्या पुढच्या नळीतून हँडलपर्यंत जाणारा दांडा, बघितली आणि म्हणाला, "सर, हें बसचें ना." दांडी निमुळती होती, म्हणजे वर सव्वा इंचाहून थोडी कमी, २८.६ मिलिमीटर, आणि बुडाशी जवळपास ४० मिलिमीटर. माझ्या फ्रेमच्या पुढच्या नळीचं भोक ३४ मिलिमीटरचं. ज्यांच्या फ्रेमला ४४ मिलिमीटरचं भोक असतं, त्यांना खाली बेअरिंगची बाहेरची वाटी बसवून निमुळता फोर्क चालवता येतो. मला ती सोय नाही. वर त्या फोर्कचा प्रवास, म्हणजे तो दबतो ते अंतर, १२० मिलिमीटर होता. माझी फ्रेम १०० साठी बेतलेली. फोर्क २० मिलिमीटरने लांबला की पुढच्या नळीचा कोन अंदाजे एका अंशाने मागे झुकतो, आणि घाट चढताना पुढचं चाक भरकटायला लागतं. खोकं परत पाठवलं. परतीचं भाडं खिशातून गेलं.

मग वर्नियर घेऊन बसलो आणि दांडीची जाडी, दांडीची लांबी, अ‍ॅक्सलपासून क्राऊनपर्यंतची (फोर्कचे दोन पाय वर जुळतात तिथपर्यंतची) उंची, सगळं वहीत लिहिलं. माझ्या सायकलीला डिस्क ब्रेक आहेत म्हणून वाचलो. शेजाऱ्याच्या सायकलीला व्ही-ब्रेक (रिमला दाबणारे) आहेत, आणि आजच्या बऱ्याच चांगल्या फोर्कांना ते लावायचे खुंटच नसतात.

या सगळ्या अटींत बसला तो रेडॉन: सरळ दांडी, १०० मिलिमीटर प्रवास, ९ मिलिमीटरचं साधं क्विक रिलीज (कळीने सुटणारा चाकाचा आस), ३२ मिलिमीटरच्या नळ्या आणि स्प्रिंगच्या जागी हवा. हवेवर मी अडून बसलो होतो. एक तर वजन कमी, आणि दुसरं म्हणजे गंजायला आत स्प्रिंगच नाही. फोर्कमध्ये हवा भरायचा शॉकपंप मात्र वेगळा घ्यावाच लागतो. टायरचा पंप इथे कामाचा नाही, फोर्कमध्ये हवा इतकी थोडी असते की नळी काढतानाच दाब बिघडतो.

बसवताना मिस्त्रीने दांडी कापण्याआधी तीनदा मोजली. मी घाई करत होतो. "कापलेलें परत जोडूंक येना," एवढंच बोलला. वर दोन स्पेसर (दांडीवरच्या कड्या) राखून ठेवले, ते बरंच केलं. पाठ दुखायला लागल्यावर हँडल वर घेतलं.

पहिल्या रविवारी तक्त्यात माझ्या वजनापुढे दिलेला दाब भरला, तर फोर्क मला दगड वाटला. मग नळीला प्लास्टिकचा टाय बांधून सायकलवर नुसतं बसून बघितलं, फोर्क जेमतेम १० मिलिमीटर दबत होता. थोडी थोडी हवा सोडत २० वर आणला. त्यानंतर केरीच्या पुढच्या चिऱ्यांच्या वाटेवर मनगटं सुन्न झाली नाहीत, आणि मला एवढंच हवं होतं. उड्या मारणाऱ्यांनी माझं ऐकू नये.

तक्रार एकच, आणि ती माझीच माझ्याविरुद्ध. क्राऊनवर लॉकआउटची, म्हणजे फोर्क दबू न देण्याची, कळ आहे. चोर्ला चढताना लावली, वर चहा घेतला, आणि उतरताना अर्धा घाट फोर्कला शिव्या देत आलो. एका वळणावर खाली नजर गेली, कळ लॉकवरच होती.