रोजची गोळी की महिन्याचं इंजेक्शन?

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थाचं व्यसन सोडवताना अनेक कुटुंबांपुढे दोन पर्याय येतात: जिभेखाली ठेवायची ब्यूप्रेनॉर्फीनची गोळी किंवा महिन्यातून एकदा घ्यायचं, अफूजन्य पदार्थांचा परिणामच रोखणारं नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन. कल बहुधा इंजेक्शनकडे असतो, कारण रोजची आठवण नको आणि ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ हा टोमणाही नको. तो टोमणा खरं तर अन्यायाचा आहे. ब्यूप्रेनॉर्फीन मेंदूला अर्धवटच चालना देतं, तलफ शमवतं, आणि योग्य मात्रेवर माणूस नीट कामधंदा करतो.

अमेरिकेतल्या 8 सामुदायिक उपचार केंद्रांत 570 रुग्णांवर या दोन्हींची थेट तुलना झाली. निष्कर्ष 2018 मध्ये आले. एकदा उपचार सुरू झालेल्यांत दोन्ही औषधं जवळपास सारखीच ठरली. पण इंजेक्शनच्या गटातल्या 28 टक्के लोकांना ते सुरूच करता आलं नाही. गोळीच्या गटात हे प्रमाण 6 टक्के होतं. सगळे धरले तर 24 आठवड्यांत पुन्हा व्यसनाकडे वळलेले इंजेक्शनच्या गटात 65 आणि गोळीच्या गटात 57 टक्के.

खरी अडचण सुरुवातीची आहे. नाल्ट्रेक्सोनआधी साधारण 7 ते 10 दिवस अंगात अफूजन्य काहीही नको. म्हणजे जुलाब, उलट्या, हातापायांत गोळे, रात्रभर तळमळ. त्या केंद्रांत रुग्ण दाखल होते, तरीही इतके गळाले. घरी राहून हे दिवस काढणं त्याहून अवघड. गोळीला मात्र काही तासांचीच वाट पाहावी लागते. जांभया, वाहणारं नाक, अंगावर काटा अशी लक्षणं स्पष्ट दिसली की पहिली मात्रा देता येते. घाई केली तर त्रास उलट एकदम उसळतो, एवढं सांभाळायचं.

म्हणून आज व्यसन चालू असेल तर मी गोळीच सुचवेन. निवासी केंद्रातून आधीच स्वच्छ होऊन आलेला माणूस स्वतःहून इंजेक्शन मागत असेल, तर ते जरूर द्यावं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण इंजेक्शनचा असर असताना नेहमीची अफूजन्य वेदनाशामकं चालत नाहीत.

इंजेक्शन चुकलं तर धोका मोठा असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीची मात्रा जीव घेऊ शकते. गोळी अचानक सोडली तरी तेच. घरात नॅलोक्सोन, म्हणजे अफूजन्य पदार्थाच्या अतिमात्रेवरचा तातडीचा उतारा, ठेवा. केंद्राला हेही विचारा: तुमच्याकडे दोन्ही औषधं आहेत का, आणि सुट्टीच्या दिवशी गोळ्या संपल्या तर कुठे मिळतील?